छोट्या ड्युअल-स्पोर्टचं स्प्रॉकेट निवडताना आधी पहिला गिअर बघा

चेन ज्यावर फिरते ते दात्यांचं चाक म्हणजे स्प्रॉकेट: एक पुढे इंजिनाजवळ, एक मागच्या चाकावर. पुढे एक दाता कमी करू की मागे दोन-तीन वाढवू, असं विचारणारा जवळजवळ प्रत्येक जण पुढच्याच वाक्यात विचारतो, "पण मग टॉप स्पीड किती कमी होईल?" माझं म्हणणं असं, की दोनशे-अडीचशे सीसीच्या ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरावर आणि कच्च्या वाटेवर दोन्हीकडे चालणाऱ्या गाडीचं गिअरिंग टॉप स्पीडवरून ठरवूच नये. ते क्लचवर असलेल्या डाव्या हाताच्या दोन बोटांवरून ठरवावं. कच्च्या चढावर, दगडगोट्यांत, वळणावळणाच्या पायवाटेवर तुम्ही किती वेळ हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून असता, हे नीट पाहिलं की निम्मा निर्णय झालाच. टॉपचा विचार त्यानंतर, आणि तोसुद्धा फक्त एवढ्यासाठी की रोजच्या वेगाला इंजिन किती ओरडेल.

माझं वजन अठ्ठावन्न किलो. माझा पुतण्या नव्वदच्या पुढचा, शिवाय त्याची पाठीवरची पिशवी कधी हलकी नसते. गाडी दोघांची एकच, होंडा सीआरएफ२५०एल, कंपनीतून पुढे १४ आणि मागे ४० दाते. मला जे गिअरिंग पुरतं ते त्याला पुरत नाही. तेव्हा अमुक गाडीला अमुकच स्प्रॉकेट बसवा, असं कोणी ठासून सांगायला लागला तर आधी त्याला त्याचं वजन विचारा.

आकडेमोड लागते तेवढीच

मागच्या दात्यांना पुढच्या दात्यांनी भागायचं. ४० भागिले १४, म्हणजे २.८६. हा आकडा मोठा झाला की गिअरिंग हलकं झालं: गाडी जोरात ओढते, पण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. आकडा लहान झाला की गिअरिंग जड: इंजिन निवांत, पण चढावर दम लागतो. पुढचा एक दाता साधारण मागच्या तीन दात्यांएवढा, हे लक्षात ठेवलं तरी बरंच काम होतं.

१४/४० (आधी पुढचे दाते, मग मागचे) वरून निघालं तर हाताशी असलेले पर्याय असे. १४/४२ केलं की ३.००, म्हणजे पाच टक्के हलकं. १३/४० केलं की ३.०८, जवळजवळ पावणेआठ टक्के. १४/४३ सुद्धा ३.०७, म्हणजे १३/४० चा जुळा भाऊच. १३/४२ म्हणजे ३.२३, तेरा टक्के. १२/४० म्हणजे ३.३३, जवळपास सतरा टक्के, आणि इथे गाडीचा स्वभावच बदलतो. उलट्या दिशेला १५/४० म्हणजे २.६७, पावणेसात टक्के जड.

हे टक्के एकाच गाडीच्या आत खरे. दुसऱ्या गाडीशी तुलना करायला गेलात तर फसाल. यामाहा डब्ल्यूआर२५०आर कंपनीतून १३/४३ घेऊन यायची, म्हणजे ३.३१. कावासाकी केएलएक्स२५०एस १४/४२, म्हणजे ३.००. यामाहाची जाड टायरची टीडब्ल्यू२०० तर १४/५०, म्हणजे ३.५७. यावरून यामाहा फार हलकी आणि होंडा फार जड असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण क्लचच्या आधीचं प्रायमरी रिडक्शन (इंजिनाचे फेरे पहिल्यांदा तिथे कमी होतात) आणि गिअरबॉक्समधलं प्रत्येक गिअरचं गुणोत्तर गाडीगणिक वेगळं असतं. चाकापर्यंत पोहोचतो तो ही दोन आणि स्प्रॉकेटचा आकडा, या तिन्हींचा गुणाकार.

तो गुणाकार एकदा कागदावर करून बघाच. गोल आकडे घेऊ: प्रायमरी २.८, पहिला गिअर ३.३, शेवटी २.८६. गुणाकार येतो २६.४. इंजिन २६.४ वेळा फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं. अठरा इंची रिमवर १२०/८० टायरचा घेर सुमारे २.०४ मीटर. म्हणजे २५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पहिल्या गिअरमध्ये वेग येतो ताशी ११.६ किलोमीटर. तेच १३/४० ला १०.८, १३/४२ ला १०.३ आणि १२/४० ला ९.९. फरक किरकोळ वाटतो ना? पण ताशी दहा-अकरा किलोमीटर हाच तो पट्टा आहे, जिथे दगडांतून जाताना क्लच पूर्ण सोडता येतो की नाही ते ठरतं. तुमच्या गाडीचे खरे आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. टायरचा घेर मात्र जमिनीवर खडूने खूण करून, गाडीवर बसून, चाक एक फेरी ढकलून मोजा. बसल्यावर टायर थोडा दबतो आणि तोच खरा घेर.

चालण्याची परीक्षा

कागद नको असेल तर ही परीक्षा करा. सपाट, कडक जमीन. इंजिन गरम झालेलं, आयडल (थ्रॉटल न देता इंजिन फिरतं तो वेग) स्थिर. पहिला गिअर टाका, क्लच हळूच पूर्ण सोडा, थ्रॉटल बंद. गाडी आपसूक चालत राहील. शेजारून कोणाला तरी चालायला सांगा.

आमच्याकडे शेजारून चालणारा पुतण्याच होता. १४/४० वर तो दहा पावलांतच पळायला लागला. वरच्या हिशोबाने १५०० आरपीएमला ताशी सात किलोमीटर येतात. माणूस रमतगमत पाचने चालतो, झपझप चालला तर सहाने. सात म्हणजे त्याला जॉगिंगच. पुढे १३ बसवल्यावर तो झपझप चालत गाडीच्या हँडलला हात लावून बरोबर राहिला आणि म्हणाला, "काका, एवढ्यासाठी एवढा खटाटोप?" मी म्हटलं, "अरे, आता तूच बस आणि त्या मुरमाच्या चढावर वळून दाखव." वळला. क्लचला दोन बोटं होती, पण दाबलेली नव्हती. वर पोहोचल्यावर त्याने काही कबूल केलं नाही, फक्त पुन्हा खाली जाऊन पुन्हा वर आला.

दुसरी परीक्षा नेहमीच्या वाटेवर. जिथे पहिल्या गिअरमध्येही हाफ क्लचवर खेळावं लागतं, अशा जागा मनात नोंदवा. एखाद-दुसरी अवघड जागा असेल तर गिअरिंगला हात लावू नका, तिथे क्लच वापरायचाच असतो. पण साध्या चढावरही सतत बोटं क्लचवर, वर गेल्यावर लिव्हरचा खेळ बदललेला आणि इंजिनाजवळ जळका वास, तर गिअरिंग तुमच्या वाटेसाठी जड आहे. छोट्या इंजिनांना खालच्या आरपीएमला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, बेताचाच असतो. पाचशे-साडेसहाशे सीसीची गाडी जिथे गुरगुरत चढते, तिथे अडीचशेची गुदमरते आणि बंद पडते. क्लच अर्धा धरणं म्हणजे ही कमतरता क्लच प्लेट झिजवून भरून काढणं.

उंचावर फिरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट धरावी. ३००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७४ टक्केच उरते, आणि इंजिनाची ताकद जवळजवळ त्याच प्रमाणात उतरते. फ्यूल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण जुळवून घेतं, पण नसलेली हवा आणू शकत नाही. खाली जे गिअरिंग जेमतेम पुरतं ते वर पुरणार नाही.

दुसऱ्या गिअरकडेही बघा

पहिल्या गिअरइतकंच मी दुसऱ्याकडे बघतो, आणि खरा फायदा बहुतेक वेळा तिथेच सापडतो. कित्येक छोट्या ड्युअल-स्पोर्टमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधली उडी मोठी असते. पहिल्यात इंजिन किंचाळतं, दुसऱ्यात टाकलं की मान टाकतं. मग माणूस सारखा पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत बसतो आणि नेमका अवघड वळणावर चुकीच्या गिअरमध्ये सापडतो.

स्प्रॉकेट बदलून ही उडी कमी होत नाही. दोन गिअरमधलं अंतर गिअरबॉक्सच्या आतलं आहे, ते तसंच राहतं. सगळे गिअर एकसाथ खाली सरकतात, इतकंच. पण एवढ्याने दुसरा गिअर वाटेवर वापरता येईल इतका खाली येतो आणि पहिला फक्त अगदी खडा चढ, ओढ्याचं पात्र, मोठे दगड यांच्यासाठी राखीव राहतो. बदल केल्यावर अर्धी वाट दुसऱ्यात निघायला लागली तर गिअरिंग जमलं असं समजा. पहिला इतका हलका झाला की टाकताक्षणी दुसरा मागतो, तर एक पायरी जास्त झाली.

जास्त हलकं करण्याचे तोटेही आहेत. ओल्या मातीवर किंवा सुट्या खड्यांवर हलक्या गिअरिंगमध्ये मागचं चाक पटकन गरगरतं, कारण थ्रॉटल किंचित उघडला तरी चाकावर टॉर्क भसकन जातो. उतारावर मात्र तेच गिअरिंग सोयीचं. इंजिन ब्रेकिंग वाढतं, मागच्या ब्रेकवरचा भार कमी होतो.

वरच्या टोकाला काय होतं

तुमचा रोजचा डांबरी वेग किती ते ठरवा. कमाल वेग नव्हे, तासभर ज्या वेगाने जाता तो. त्या वेगाला टॉप गिअरमध्ये आरपीएम बघा आणि टक्केवारीने वाढवा. समजा ताशी ९० ला ६२०० दिसतात. १३/४० ला ते साधारण ६६८० होतील, १३/४२ ला ७०००. आता गाडी पाचव्या गिअरमध्ये घालून तेवढ्या आरपीएमवर वीस मिनिटं चालवा. हँडल, फूटपेग आणि सीट यांतून येणारी थरथर सहन होते का? स्प्रॉकेट विकत न घेता ही चाचणी होते, आणि तरी कोणी करत नाही याचं मला नवल वाटतं. एक सिलिंडरच्या गाडीला काही ठरावीक आरपीएमवर जास्त थरथर असते. तुमचा रोजचा वेग नेमका त्या पट्ट्यात जाऊन पडत असेल तर एका दात्याने सुटका होते किंवा वाट लागते, दोन्ही शक्य आहे.

जड गिअरिंग करून टॉप स्पीड वाढेल, ही आशा छोट्या गाडीवर बहुधा फोल ठरते. वाऱ्याचा विरोध कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० वरून ११० ला जायचं तर वाऱ्यासाठीच सुमारे ३३ टक्के जास्त ताकद हवी. पंचवीसेक हॉर्सपॉवरच्या, उंच हँडलच्या आणि सरळ बसायच्या गाडीकडे ती शिल्लक नसते. पुढे १५ बसवलं की सहावा गिअर फक्त सपाटीवर किंवा वारा पाठीशी असताना चालतो, जरा समोरून वारा आला की पाचव्यात उतरावं लागतं. रोज लांब, सपाट, मोकळा रस्ता आणि हलका माणूस, एवढं सगळं जुळलं तरच १५ चा विचार करा.

पुढे की मागे

गुणोत्तर सारखंच येत असेल तर पुढे १३ केलं (१३/४०) काय आणि मागे ४३ केलं (१४/४३) काय, बिघडतं कुठे? बिघडतं थोडं, पण कुठे ते माहीत असावं.

पुढचं स्प्रॉकेट लहान, स्वस्त आणि अर्ध्या तासात बदलता येणारं. मागे एका दात्याने काही केलं तर जेमतेम अडीच टक्के फरक पडतो, पुढे एका दात्याने सात-आठ. म्हणून चाचणीसाठी पुढचंच. मी कोणालाही पहिल्यांदा हेच सांगतो: एक दाता कमीचं पुढचं आण, महिनाभर चालव, मग बोल.

पण चेनच्या बाजूने बघितलं तर पुढचं लहान करणं महाग पडतं. चेनची प्रत्येक कडी स्प्रॉकेटवर चढताना आणि उतरताना दुमडते. १४ दात्यांवर ती सुमारे २५.७ अंशांत दुमडते, १२ वर ३० अंशांत, ११ वर ३२.७. जितकी जास्त दुमड तितकी पिन आणि बुशमधली झीज. त्यात भर म्हणजे चेनवरचा ताण. इंजिन तेवढाच टॉर्क देतं, पण लहान त्रिज्येवरून. म्हणून १४ वरून १३ केलं की चेनवरची ओढ पावणेआठ टक्के वाढते. मागचं मोठं केलं तर चाकावरची ताकद तेवढीच वाढते आणि चेनवरचा ताण मात्र होता तसाच राहतो, कारण तिथे लांब दांड्याचा पाना घेतल्यासारखं होतं.

तिसरी गोष्ट थरथरीची. चेन स्प्रॉकेटवर गोल फिरत नाही, बहुकोनावर फिरते, त्यामुळे तिचा वेग प्रत्येक दात्याला कमी-जास्त होतो. हा चढउतार १५ दात्यांवर सुमारे २.२ टक्के, १४ वर २.५, १३ वर २.९, १२ वर ३.४ आणि ११ वर थेट ४ टक्के. तेराला पायांना विशेष जाणवत नाही. बाराला कान दिला तर कळतं. अकरा मी माझ्या गाडीवर बसवणार नाही.

चौथी गोष्ट स्विंगआर्मची, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्याची. पुढचं स्प्रॉकेट लहान झालं की चेनची वरची बाजू स्विंगआर्मच्या सांध्याजवळ खाली येते आणि तिथली रबरी संरक्षक पट्टी घासायला लागते. १३ वर थोडं, १२ वर चांगलंच. ती पट्टी आरपार झिजली की चेन थेट स्विंगआर्मचा धातू कापते. १२ बसवायचंच असेल तर दर वेळी चेन साफ करताना तिथे टॉर्च मारून बघा.

मग मागचं मोठं करण्यात तोटा नाहीच का? आहे. चेन तोकडी पडते. चेनगार्ड आणि खालचा चेन गाइड यांना मोठं स्प्रॉकेट किंवा वर उचललेली चेन घासू शकते. आणि खडकाळ वाटेवर खालून लोंबणारं मोठं स्प्रॉकेट दगडाला आधी भेटतं.

माझा क्रम असा. चाचणी पुढे एक दाता कमी करून. ते पुरेसं वाटलं आणि चेन अजून चांगली असेल तर तसंच चालू द्या. आणखी हवं असं वाटलं तर पुढे १२ कडे न जाता चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण संच बदलायची वेळ येईपर्यंत थांबा आणि तेव्हा मागे दोन-तीन दाते वाढवा. पुतण्याच्या वजनाला आणि पिशवीला १३/४२ नेमकं बसतं. मी एकटाच चालवत असतो तर १३/४० वर थांबलो असतो.

चेनची लांबी

हे आधी मोजा, मग खरेदी. मागे दोन दाते वाढवले की त्याच चेनवर मागचा एक्सल सुमारे आठ-नऊ मिलिमीटर पुढे येतो. तीन वाढवले तर बारा-तेरा. पुढे एक दाता कमी केला तर उलट, एक्सल चारेक मिलिमीटर मागे जातो. १३/४२ मध्ये दोन्ही होतात आणि निव्वळ पाचेक मिलिमीटर पुढे. तुमचा एक्सल आत्ता ॲडजस्टरच्या खाचेत कुठे आहे ते बघा. पुढे तेवढी जागा नसेल तर चेन लांब हवी, आणि कड्या दोन-दोननेच वाढतात, कारण बाहेरची आणि आतली कडी आळीपाळीने येते. खूप वापरलेल्या चेनला एक्सल आधीच मागे गेलेला असतो, म्हणून तिच्यावर मोठं स्प्रॉकेट आरामात बसतं. नवी चेन आणली की तेच स्प्रॉकेट बसत नाही. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही.

चेनचा नंबरही बघा. ५२० ची पिच, म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर, १५.८७५ मिलिमीटर, ४२८ ची १२.७. दाते मोजून आणलं, पण ४२८ चं स्प्रॉकेट ५२० च्या गाडीला आणलं तर उपयोग शून्य. चेन किती ताणली आहे तेही याच वेळी बघा. ५२० च्या वीस कड्या नव्या असताना ३१७.५ मिलिमीटर भरतात. ताणून धरून मोजल्यावर ३२३ च्या पुढे गेल्या तर चेन संपली. अशा चेनवर नवं स्प्रॉकेट घालणं म्हणजे ते नवं स्प्रॉकेटही वाया घालवणं.

टायर आणि मीटर

टायरसुद्धा गिअरिंग बदलतो, हे फार जण विसरतात. अठरा इंची रिमवर १२०/८० चा व्यास हिशोबाने ६४९ मिलिमीटर, १४०/८० चा ६८१. म्हणजे जाड टायर घातलात की गिअरिंग पाच टक्के जड झालं. पुढे एक दाता कमी करून मिळवलेल्यातलं दोन तृतीयांश तिथेच गेलं. आधी टायर ठरवा, मग स्प्रॉकेट.

स्पीडोमीटरचा सेन्सर कुठे आहे तेही बघा. पुढच्या चाकावर असेल तर काही फरक पडत नाही. गिअरबॉक्समधून वेग घेत असेल तर १३/४० वर मीटर पावणेआठ टक्के जास्त दाखवेल: खरा वेग ८०, मीटरवर ८६. किलोमीटरही तेवढेच जास्त मोजले जातील. पेट्रोल किती लागतं याचा हिशोब मग उगाच चांगला दिसतो, त्यावर भाळू नका. वेग सुधारून दाखवणारं छोटं उपकरण मिळतं. मी मोबाइलच्या जीपीएसशी एकदा ताडून बघितलं आणि फरक डोक्यात ठेवला.

बसवताना

पुढच्या स्प्रॉकेटचं झाकण काढलं की आधी दिसतो तो चेनच्या तेलात मळलेल्या मातीचा काळा लगदा. तो लाकडी काडीने खरवडा, स्क्रूड्रायव्हरने नको, कारण मागे शाफ्टचं तेलाचं सील आहे. लगदा कोरडा असेल तर ठीक, पातळ आणि चमकदार असेल तर सील गळत असू शकतं. तसं असेल तर आत्ताच बदला, झाकण पुन्हा उघडायचा कंटाळा येतो.

स्प्रॉकेट दोनपैकी एका पद्धतीने धरलेलं असतं. काही गाड्यांना मधोमध मोठा नट आणि त्यावर दुमडलेला लॉक वॉशर. काहींना दोन छोटे बोल्ट आणि एक चकती, जी थोडी फिरवली की शाफ्टच्या खाचांतून निघते. मोठा नट असेल तर तो चेन चढलेली असतानाच सैल करायचा: गाडी गिअरमध्ये, कोणीतरी मागचा ब्रेक घट्ट दाबलेला, लांब दांड्याचा पाना. चेन उतरवल्यावर मग नट हलत नाही आणि लोक स्प्रॉकेटमध्ये पहार अडकवायला जातात. तसं करू नका, इंजिनाच्या केसला तडा जाऊ शकतो.

नट सैल झाला की मागचा एक्सल ढिला करा, चाक पुढे ढकला, चेन मागच्या स्प्रॉकेटवरून उतरवा, पुढचं काढा. जुनं कोणत्या तोंडाने बसलं होतं ते बघून ठेवा, मोबाइलवर फोटो काढलात तर उत्तम. कंपनीच्या काही स्प्रॉकेटना बाजूला आवाज मारायला रबर चिकटवलेलं असतं. बाहेरून घेतलेल्याला बहुधा नसतं, त्यामुळे चेनचा खळखळाट थोडा वाढला तर घाबरू नका. मोठं पुढचं बसवत असाल तर केस आणि चेन यांत बोटभर जागा आहे का ते हाताने चाक फिरवून बघा.

चेनचा खेळ (ढिलेपणा) मॅन्युअलप्रमाणे. पण एक गोष्ट हाताने तपासा. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मचा सांधा आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते. लांब सस्पेन्शनच्या गाडीला हा फरक मोठा असतो. दोघांना गाडीवर बसवून मागचा भाग दाबून धरा आणि तेव्हाही खालची चेन किंचित हलते का बघा. हलली नाही तर ढिली करा, नाहीतर पुढचा मोठा खड्डा तुमच्या गिअरबॉक्सच्या बेअरिंगला जाणवेल. चाक सरळ आहे का ते स्विंगआर्मवरच्या खुणांवर सोडू नका, दोन्ही बाजूंना सांध्याच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत टेपने मोजा. क्लिपची मास्टर लिंक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) असेल तर क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला.

पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर एक्सल आणि चेनचा खेळ पुन्हा तपासा. आणि लांबच्या डांबरी प्रवासाआधी १४ आणि वाटेसाठी १३ असं आलटून पालटून बसवायचा बेत असेल तर ते चालतं, दोन्ही एकाच चेनवर बसतात. लॉक वॉशर मात्र तेवढे जादाचे घेऊन ठेवा. एकदा दुमडून सरळ केलेली तीच पाकळी पुन्हा दुमडली की मुळाशी चिरते, म्हणून त्याच वॉशरची न वापरलेली पाकळी घ्या, आणि पाकळ्या संपल्या की वॉशर फेकून द्या.